दोनदा मेलेलं मशीन

भंगारवाल्याच्या काट्यावर ते अकरा किलो भरलं. पट्टी नव्हती, साखळी नव्हती, सायलेन्सर सुतळीनं बांधला होता आणि स्टार्टरची दोरी कुणीतरी कापून नेली होती. रंग शोधावा लागत होता. सगळ्यावर काळ्या ऑइलचा आणि भुशाचा जाड थर बसला होता. मी मॅग्नेटोचं चाक हातानं फिरवून पाहिलं. जागचं हललं नाही.

"ॲल्युमिनियमच्या भावानं घेतो, अण्णा. मशीनच्या नाही."

"मशीनच्या भावानं देतंय कोण तुम्हाला," ते म्हणाले. "भट्टीलाच निघालं होतं ते."

हे खरं होतं. कुपवाडात लोखंड फार काळ भंगार राहत नाही. सांगली आणि मिरज यांच्या उत्तर अंगाला असलेलं हे गाव १९९८ साली महानगरपालिकेच्या नावात तिसरं म्हणून जोडलं गेलं, पण कामगाराच्या तोंडी कुपवाड म्हणजे एमआयडीसी. बामणोली, सावळी, कानडवाडीच्या बाजूला पसरलेल्या शेडमधून फौंड्र्या, मशीन शॉप, सूत, प्लास्टिक असं सगळं चालतं. लेथखाली पडलेला किस पोत्यात भरला जातो, पोतं भंगारात जातं, भंगार भट्टीत आणि भट्टीतून निघालेलं कास्टिंग पुन्हा त्याच लेथवर चढतं. या फेऱ्यातून एखादी वस्तू मधेच उचलून घरी आणायची म्हणजे तिला भट्टीच्या दारातून परत आणल्यासारखंच असतं. माझी पत्नी याला वेगळा शब्द वापरते.

घरामागं पत्र्याची दहा बाय बारा फुटांची खोली आहे. एक व्हाईस, एक ग्राइंडर, पान्यांचे दोन डबे, बाकी सगळं टांगलेलं. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केल्यावर हातांना संध्याकाळी काही ना काही लागतं. आधी मी जुन्या स्कूटरची इंजिनं करायचो. मग एका द्राक्षबागायतदारानं पाठीवरचा फवारणी पंप आणून दिला, त्याच्या भावानं लाकूड कापायचं मशीन आणलं आणि तेव्हापासून हा नाद लागला. 'चेन सॉ' हे नाव खोक्यावर असतं. आमच्याकडं झाडं तोडणारे त्याला 'कटर' म्हणतात, नाहीतर नुसतं 'मशीन'.

हे मशीन मात्र नेहमीचं चायना बनावटीचं ५८ सीसी नव्हतं. थर खरवडल्यावर आकडा दिसला: ०७०. स्टिल कंपनीचं हे मॉडेल जुन्या वखारवाल्यांना अजून आठवतं. अँड्रियास स्टिल यांनी १९२६ साली जर्मनीत लाकूड कापायचं पहिलं यंत्र केलं ते विजेवर चालायचं, वजन ४८ किलो, उचलायला दोन माणसं. १९५९ साली त्यांच्या कंपनीचं 'कॉन्ट्रा' आलं. बारा किलो, सहा अश्वशक्ती आणि मधे गिअर नाही. इंजिनाच्या दांड्यावर क्लच, क्लचवर साखळीचं चाक, संपलं. ०७० त्याच घराण्यातलं. ५८ मिलिमीटर बोअर, ४० मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे १०६ सीसी. जुन्या बजाज स्कूटरचं इंजिन दीडशे सीसीचं होतं, त्याच्या दोन तृतीयांशाहून मोठं इंजिन माणसानं दोन हातांत धरायचं. हादरे अडवायला रबर नाही, साखळी थांबवायला ब्रेक नाही. दिवसभर चालवलं तर बोटं पांढरी पडतात आणि चहाची कपबशी हातात वाजते.

टू-स्ट्रोकची गंमत अशी की ते मेल्यावर खोटं बोलत नाही. सायलेन्सरचे बोल्ट काढले की भोकातून थेट पिस्टन दिसतो. कोणताही पार्ट मागवायच्या आधी बॅटरी लावून तिथं बघायचं, हा पहिला नियम. पेट्रोलात ऑइल न घालता चालवलेला पिस्टन चहूबाजूंनी घासलेला असतो, जणू कानस फिरवली. कार्बोरेटरच्या बाजूला राखाडी, मंद घासलेपण दिसलं तर एअर फिल्टर फाटका होता आणि धूळ आत गेली. फक्त सायलेन्सरच्या बाजूला उभे, खोल ओरखडे असतील तर इंजिन तापलं. तापलं याचं बहुतेक वेळा एकच कारण असतं: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पेट्रोल कमी म्हणजे त्याच्यासोबत येणारं ऑइलही कमी, आणि सायलेन्सरची बाजू मुळातच सगळ्यांत गरम.

माझ्या मशीनचे ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला होते. पण पिस्टनचा माथा बघून मी थबकलो. त्यावर काजळीचा जेमतेम एक पातळ हात होता. इतक्या म्हाताऱ्या मशीनचा पिस्टन इतका कोवळा कसा?

सिलिंडर काढला तेव्हा कळलं. पिस्टन मूळचा नव्हता, बाजारातला डुप्लिकेट होता. सिलिंडरच्या आत, नव्या ओरखड्यांच्या खाली, पॉलिश पेपरच्या आडव्या रेघा होत्या. म्हणजे हे मशीन आधी एकदा जाम झालं होतं. कुणी मिस्त्रीनं ते उघडलं, सिलिंडर घासला, नवा पिस्टन टाकला, चालू करून दिलं, पैसे घेतले. आणि थोड्याच तासांत ते पुन्हा, त्याच जागी, तसंच जाम झालं. मालकानं कंटाळून भंगारात घातलं.

त्या मिस्त्रीला मी नावं ठेवत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, झाड आडवं पडलेलं असतं, आणि पिस्टन गेलाय तर पिस्टन बदला हा हिशेब सरळ वाटतो. मीही सुरुवातीच्या काळात असे दोन पिस्टन जाळले आहेत, एकदा तर स्वतःच्या मेव्हण्याच्या मशीनमध्ये. पिस्टन हा जखमी झालेला भाग. जखम करणारा दुसराच असतो आणि तो तसाच आत बसून राहतो.

तो शोधायला मी चार संध्याकाळी घालवल्या. मॅग्नेटोचं चाक काढताना पिस्टन अडवून धरावा लागतो. त्यासाठी प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, दुमडून दुमडून, की पिस्टन वर येऊन दोरीच्या गादीवर टेकतो. पिस्टन सायलेन्सरचं भोक ओलांडून वर गेल्यावरच दोरी घालायची, नाहीतर ती भोकात अडकून कापली जाते. क्लचसाठीही हाच उपाय, फक्त बहुतेक मशीनचे क्लच उलट्या आट्यांचे असतात. सवयीनं जोर लावला की आटे आणखी आवळतात आणि नवशिक्याचा पाना मोडतो.

चाक निघालं आणि त्याच्या मागं मला कृष्णा सापडली.

पिवळसर तपकिरी, पिठासारखा बारीक गाळ. वाळून कडक झालेला, कंडेन्सरच्या कोपऱ्यात, तारेच्या वळणाखाली, सीलच्या कडेला. सांगलीत राहणाऱ्याला हा गाळ ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी नदी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभाग, पेठा, वखारी सगळं पाण्याखाली होतं. कुपवाड उंचावर, आमच्याकडं पाणी आलं नाही, माणसं आली. आणि पाणी ओसरल्यावर पुढचे काही महिने बुडालेली यंत्रं येत राहिली: मोटारी, पंप, शिलाई मशीन, गिरण्या. त्या वेळी घरोघरी प्रत्येक कपाटातून हाच गाळ खरवडला होता. फ्रीजच्या मागून, देवाच्या फोटोच्या चौकटीतून.

हे मशीनही बुडालं होतं. नंतर कुणीतरी पाणी काढलं, प्लग पुसला, दोरी ओढली आणि ते चालू झालं असणार. पण चाकामागं अडकलेला ओलसर गाळ तिथंच राहिला. क्रँकच्या दांड्याभोवती रबराचं ऑइल सील असतं, त्याच्या ओठाला लागून तो गाळ बसला आणि चकचकीत दांड्यावर गंजाची एक बारीक कडी धरली. अशा खरखरीत कडीवर रबराचा ओठ मिनिटाला हजारो वेळा घासला की तो झिजतो.

इथं टू-स्ट्रोक न जाणणाऱ्यांसाठी थोडं थांबायला हवं. चार स्ट्रोकच्या इंजिनात खालच्या डब्यात नुसतं ऑइल असतं. टू-स्ट्रोकमध्ये खालचा डबा हाच भाता. पिस्टन वर गेला की तो हवा-पेट्रोल ओढतो, खाली आला की तेच दाबून वर ढकलतो. त्या भात्याला कुठं भोक असेल तर तिथून फुकटची हवा आत येते, जिला ना पेट्रोलचा पत्ता ना ऑइलचा. कार्बोरेटर कितीही नीट लावा, ही चोरवाटेची हवा मिश्रण पातळ करणारच. इंजिन जोरात पळतं, मालक खूश होतो, आणि पिस्टन सायलेन्सरच्या बाजूनं भाजत राहतो.

माझा संशय सीलवर होता, पण संशयावर पार्ट बदलायचा नाही हे मी मेव्हण्याच्या मशीनकडून शिकलो होतो. भाता गळतोय का हे हवा भरून बघता येतं. त्याचं खास किट मिळतं. माझं किट मिरजेचं आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, त्यांच्या नावाची वान्लेसवाडी आमच्या शेजारी आहे, आणि एवढे दवाखाने म्हटल्यावर जुनी उपकरणंही निघत राहतात. ब्लड प्रेशर मोजायचं एक जुनं यंत्र मी तिथून आणलंय. त्याचा हाताला बांधायचा पट्टा फाटला होता, पण रबरी फुगा आणि काट्याची तबकडी शाबूत. सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या भोकांवर स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे ठेवून पट्ट्या आवळल्या, प्लगच्या भोकातून नळी जोडली आणि फुगा दाबत काटा ३०० वर नेला. हे साधारण ०.४ बार होतात, एवढं पुरतं. काटा तिथं मिनिटभर थांबला पाहिजे.

दहा मोजायच्या आत तो शंभरावर आला. साबणाचं पाणी सोडलं तर मॅग्नेटोच्या बाजूच्या सीलमधून बुडबुडे निघाले, लहान मुलं काढतात तसे, एकामागोमाग एक. मी पत्नीला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, "याचं बीपी लो आहे."

मग दुसरी चाचणी, उलटी. साठ मिलिलिटरची मोठी सिरिंज लावून हवा ओढून घ्यायची. काही सीलं दाबाला टिकतात पण ओढीला ओठ उघडतात. क्लचच्या बाजूचं सील तसं निघालं. म्हणजे दोन्ही गेलेली.

सील मिळवणं अवघड नसतं, हे लोकांना खरं वाटत नाही. ती काही त्या मशीनसाठी आकाशातून पडलेली नसतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, हे तीन आकडे व्हर्निअरनं मोजले की बेअरिंगच्या दुकानात माणूस मागं न बघता फळीवरून पुडा काढतो. बेअरिंगचंही तसंच, कडेवर नंबर कोरलेला असतो. खरी अडचण दांड्यावरच्या गंजाच्या कडीची होती. नवं सील त्याच खरखरीवर बसवलं तर तिसरं मरण ठरलेलं. एमरीच्या पट्टीनं दांडा गोल गोल घासला, दोरीनं घुसळावं तसा, पण खड्ड्याचा माग राहिलाच. तेव्हा सील आपल्या घरात पूर्ण न ठोकता मिलिमीटरभर बाहेर ठेवलं. ओठ आता दांड्याच्या कोऱ्या, न गंजलेल्या जागेवर टेकतो. फौंड्रीतल्या पंपांवर हे आम्ही नेहमी करायचो.

बेअरिंग बसवायचा प्रकार मात्र घरगुती आहे. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, क्रँककेस म्हणजे तो खालचा डबा गॅस शेगडीच्या मंद आचेवर जाळी ठेवून तापवायची. गार झालेलं बेअरिंग आक्रसतं, तापलेलं घर फुलतं, आणि हातोडा न लावता ते आत 'टक्' करून पडतं. एका सेकंदाचा खेळ असतो, तिरपं पडलं की गेलं. फ्रीजरमध्ये ऑइल कागदात गुंडाळलेली दोन बेअरिंगं बर्फाच्या साच्याशेजारी तीन दिवस होती, कारण गॅस मोकळा मिळत नव्हता.

स्वयंपाकघराशी माझे संबंध आधीच ताणलेले होते. त्याचं कारण कॉस्टिक सोडा. पिस्टन जाम होतो तेव्हा त्याचं ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं. भिंतीवर क्रोमचा कठीण थर असतो. तो शाबूत असेल तर वरचं ॲल्युमिनियम काढलं की सिलिंडर पुन्हा कामाचा होतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, क्रोमला हात लावत नाही. कानातल्या कापसाच्या काडीनं थेंब थेंब लावायचा, फेस आला की पुसायचा, पुन्हा लावायचा. भोकांच्या कडांना लागू द्यायचा नाही, कारण सिलिंडरचं अंगही ॲल्युमिनियमचंच. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी मी ते द्रावण ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कालवलं. पातेलं आधी खदखदलं, मग काळं पडलं, मग त्याला चाळणीसारखी भोकं पडली. आमच्या लग्नातलं होतं. सिलिंडर मात्र छान निघाला. नख फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं.

नवा पिस्टन, नव्या रिंगा. रिंग सिलिंडरमध्ये एकटी सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर पट्टीनं मोजली आणि मग काजळी धरलेल्या मॅग्नेटोकडं वळलो. याला जुन्या पद्धतीचे पॉइंट. जावा-येझदी किंवा जुन्या स्कूटरवर हात बसलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. पॉइंट साफ केले, ०.४ मिलिमीटरची फट ठेवली, कंडेन्सर बदलला, प्लग सिलिंडरच्या अंगाला टेकवून स्टार्टरची नवी दोरी ओढली. निळा करंट, टिकदिशी आवाज. या भागातले जे थोडे मिस्त्री टू-स्ट्रोक खऱ्या अर्थानं ओळखतात ते सगळे पन्नाशीच्या पुढचे आहेत, आणि त्यांचा हात बसला तो स्कूटर आणि लुनावर. ती वाहनं रस्त्यावरून गेली आणि पोरं फोर-स्ट्रोक शिकली. टू-स्ट्रोक उरलं ते बागेत फवारणीला आणि झाडाच्या बुंध्याशी.

कार्बोरेटरनं मात्र मला आमच्याच जिल्ह्याची गंमत दाखवली. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी असते आणि तिच्यावर फ्लोट तरंगतो. लाकूड कापायचं मशीन आडवं, उलटं, कसंही धरावं लागतं, वाटी सांडेल. म्हणून तिथं वाटीऐवजी रबराचे दोन पातळ पडदे असतात. एक पडदा त्या खालच्या भात्याच्या धडधडीवर हलून पंपासारखं पेट्रोल ओढतो, दुसरा सुईची झडप उघड-मीट करून ते मोजून देतो. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे हे पडदे. मऊ असतील तोवर मशीन कोणत्याही कोनात चालतं. माझ्या मशीनचे पडदे वाळल्या पापडासारखे कडक झाले होते. पेट्रोलची नळी वाकवली तर मोडली.

जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. आता पंपावरच्या पेट्रोलात ते वीस टक्क्यांपर्यंत असतं. हे उद्दिष्ट मुळात २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं. आणि त्यातलं बरंच इथेनॉल येतं कुठून, तर साखर कारखान्यांतून, म्हणजे आमच्याच उसातून. शेजारच्या शेतातला ऊस कारखान्यात जातो, तिथून टँकरनं निघतो आणि पंपावरून डब्यात भरून माझ्या कार्बोरेटरचे पडदे कडक करायला परत येतो. ऊसवाल्याला चार पैसे मिळतात याबद्दल माझी तक्रार नाही, घरात दोन ऊसवाले आहेत. पण जुन्या मशीनवाल्यानं दोन गोष्टी सोडू नयेत: इथेनॉलला चालणाऱ्या रबराचे पडदे आणि नळी बसवावी, आणि काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. फार पाणी झालं की ते पाणी घेऊन पेट्रोलपासून सुटतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. ऑइल राहतं वरच्या पेट्रोलात, आणि इंजिनाला पेट्रोल नेणारी नळी असते तळाशी. आपण ऑइल घातलेलं असूनही इंजिन कोरडं चालतं.

पट्टी आणि साखळी नवी घ्यावी लागली. साखळीचा पिच मोजायचा तर ओळीनं तीन रिव्हेटांमधलं अंतर घेऊन त्याचं निम्मं करायचं. याची .४०४ इंची, बाजारातल्या चायना मशीनच्या साखळीपेक्षा चांगलीच दांडगी. धार लावायला साडेपाच मिलिमीटरची गोल कानस. एक दात डावा, एक उजवा, सगळ्या डाव्यांची लांबी सारखी, सगळ्या उजव्यांची त्यांच्याइतकीच; एक बाजू आखूड झाली की काप वाकडा जातो आणि मालक पट्टीला दोष देतो. दाताच्या पुढं एक छोटं उंच टोक असतं, ते दाताहून ०.८ मिलिमीटर खाली हवं. दात लाकडात किती खोल शिरणार हे ते टोक ठरवतं. ते कमी-जास्त घासलं की साखळी एकतर नुसती घसटते, नाहीतर लाकडाला दात लावून माणसालाच ओढते.

या दाताची जन्मकथा मला फार आवडते. पूर्वी साखळीचे दात हातकरवतीसारखे उभे असायचे, सारखे बोथट व्हायचे. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं एका भुंग्याची अळी ओंडका पोखरताना पाहिली. तिचे जबडे इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वळलेले होते आणि ती लाकडाच्या रेषांना न जुमानता डावीकडं-उजवीकडं खात चालली होती. कॉक्सनं तसाच वळलेला दात केला, पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात, आणि १९४७ पासून विकायला काढला. आज जगातली बहुतेक साखळी त्याच घाटाची आहे. एवढ्याशा जागेतून मोठं काम आमच्याकडंही झालं: किर्लोस्करांचा पसारा १८८८ साली बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून वाढत गेला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना आला; किर्लोस्करवाडी आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. मला माझ्या दहा बाय बाराच्या खोलीबद्दल कसलाही भ्रम नाही, पण पत्नीला ही दोन्ही उदाहरणं सांगून झाली आहेत.

आणि दात असलेल्या साखळीचा पहिला उपयोग लाकडावर झालाच नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीला स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाड कापायला दातेरी साखळी वापरली. बाळंतपणात मूल अडलं तर आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडांचा सांधा मोकळा करायला. १८३० साली बर्नहार्ड हाइने या जर्मन माणसानं तीच साखळी पट्टीवर बसवून मुठीनं फिरवायचं यंत्र केलं. मिरजेच्या उपकरणवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं बीपीच्या आणखी एका यंत्राचे पैसे कमी केले.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मशीन एका वखारीत नेलं. घरी चालू करायची सोय नव्हती; सायलेन्सर असूनही त्याचा आवाज दोन गल्ल्या ओलांडतो. लिटरला ४० मिलिलिटर ऑइल, म्हणजे पंचवीसास एक, सिरिंजनं मोजून. वखारीचे मामा सत्तरीचे, त्यांनी हे मॉडेल तरुणपणी चालवलेलं. त्यांनी मशीन जमिनीवर ठेवलं, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत घातला, डावा हात पुढच्या दांड्यावर आणि दोरी ओढली. चौथ्या ओढीला ते खोकलं. सहाव्या ओढीला पेटलं.

कार्बोरेटरचा मोठा स्क्रू मी जाणूनबुजून थोडा सैल ठेवला होता. पूर्ण वेगात मोकळं चालताना आवाज जरा फुटका, चार स्ट्रोकसारखा गुरगुरता यायला हवा. लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. मोकळं असतानाच जे मशीन शिट्टीसारखं स्वच्छ वाजतं ते भाजत असतं. मामांनी बाभळीचा दोन फुटी ओंडका घेतला. पट्टी टेकली, आवाज साफ झाला आणि खालून फोडी उडायला लागल्या. भुकटी नव्हे, नखाएवढ्या जाड, लालसर फोडी. धार खरी असली की अशाच पडतात. पट्टीचं टोक त्यांनी एकदाही लाकडात खुपसलं नाही. या मशीनला ब्रेक नाही आणि टोकाची वरची कड अडकली तर पट्टी उसळून कपाळाकडं येते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

ओंडका दुभंगल्यावर त्यांनी मशीन बंद केलं, तळवे एकमेकांवर चोळले.

"भोश्याच्या वडाला किती वेळ लागला असता हो याला?" त्यांनी विचारलं.

भोसे मिरज-पंढरपूर रस्त्यावर. तिथला चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. माणसं झाडापाशी गोळा झाली, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना लिहिलं आणि रस्त्याची आखणी थोडी सरकली. मी मनात हिशेब केला: एवढी पट्टी, एवढा घेर, पारंब्या आधी. "एक दिवस," म्हणालो. "फांद्यांसकट दोन."

मामांनी मान हलवली आणि बाभळीचा दुसरा ओंडका पुढं ओढला.

मी प्लग काढून पाहिला. टोकाशी कोऱ्या विटेसारखा फिका तपकिरी रंग होता. पांढरा असता तर अजून हवा कुठून तरी येतेय, काळा ओला असता तर पेट्रोल जास्त. सायलेन्सर गार झाल्यावर काढून पिस्टनकडंही बॅटरी मारली. रिंगेच्या रेघा सरळ, भिंत गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या सगळ्या हत्यारांना झेंडूची फुलं वाहिली, मशीनच्या मुठीला एक बांधलं. बीपीच्या यंत्रालाही कुंकू लावलं.

तेवढ्यात दारात एक मोपेड थांबली. पायाजवळ चायना मशीन आडवं ठेवलेलं, वर पिवळं प्लास्टिक. पोरगा विशी-बाविशीचा, तासगावच्या बाजूचा.

"काका, वखारीतल्या मामांनी पाठवलंय. नवीनच घेतलंय, दोन महिनं झालं. दोरी वढायलाच येईना."

मी चाक फिरवून पाहिलं. जाम.

"ऑइल किती घालतोस?"

"भरपूर घालतोय की. साखळी कायम वली असती बघा."

"साखळीचं नाही. पेट्रोलात."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग मशीनकडं.

"पेट्रोलात बी घालायचं असतंय?"

मी चष्मा लावला आणि सायलेन्सरचे बोल्ट सोडवायला घेतले.